मशीन कोणी थांबवायचं?

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत त्यांचं नाव माझ्या मागच्या पडद्यावर आहे, तेवढं पुरे. ते असते तर त्यांनी तेही लिहू दिलं नसतं. त्यांच्या छापखान्यात या व्याख्यानमालेच्या पत्रिका वर्षानुवर्षं फुकट छापल्या गेल्या आणि आभार मानायला कुणी उभं राहिलं की हे मागच्या दारानं पसार व्हायचे. आज मात्र त्यांची सुटका नाही.

संयोजकांनी मला विषय दिला तो ‘नेतृत्वाचे सिद्धांत आणि व्यवसाय’. पत्र वाचून मी जरा बिचकलो. त्याला कारण आहे. आपल्याकडे कारखान्यात ‘नेते आले’ असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ एकच होतो, युनियनचे लोक गेटवर आले आहेत. बाकी सगळे मालक, शेठ, साहेब, फोरमन, मुकादम, मिस्त्री. व्यवसायात नेतृत्व करणाऱ्याला आपण नेता म्हणत नाही, त्याच्या हातात जे असतं त्यावरून नाव देतो. मला वाटतं, आपली भाषा इथं पाठ्यपुस्तकांपेक्षा शहाणी आहे. ती थेट विचारते की याच्या हातात नक्की काय आहे.

मी तीस वर्षं एमआयडीसीत एक छोटं मशीन शॉप चालवलं आणि त्यातली शेवटची बारा वर्षं एका व्यवस्थापन संस्थेत संध्याकाळी शिकवलं. म्हणजे दिवसभर शॉपमध्ये जे मोडताना बघायचं, त्याचाच सिद्धांत संध्याकाळी फळ्यावर काढायचा. तेव्हा आधी शॉप, मग फळा.

1996 साली मला टायफॉइड झाला. अकरा दिवस घरी पडून होतो. शॉपमध्ये तेव्हा एका पंप कंपनीचे गनमेटलचे बुश चालू होते. बोअर, म्हणजे आतलं भोक, 40 मिलिमीटरचा, आणि वरच्या बाजूला 25 मायक्रॉनची सूट. हा बोअर तपासायला प्लग गेज असतो. त्याची एक बाजू ‘गो’, ती आत गेली पाहिजे. दुसरी ‘नो-गो’, ती तोंडाशीच अडकली पाहिजे. नो-गो आत गेली की समजायचं, बोअर मोठा झाला. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला बोअर भंगारात जातो.

मी आजारी पडलो त्याच दिवशी दुपारी बोअर कापणारा रीमर बदलला होता आणि नवा रीमर किंचित मोठा कापत होता. बारीकसा फरक. पण नो-गो आत जात होती. अकरा दिवसांत असे 400 बुश तयार झाले, तेल लावून, कागदात गुंडाळून, खोक्यांत भरून. गेले आणि तसेच परत आले.

मी बरा होऊन आलो तेव्हा ऑपरेटरला बोलावलं. हा माझा सगळ्यात हुशार मुलगा, हाताला डोळे असलेला.

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी, साहेब. संध्याकाळी.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“तुम्ही नव्हता ना.”

त्यानं मिस्त्रींना सांगितलं होतं. मिस्त्री म्हणाले होते, चालू राहू दे, साहेब आल्यावर बघू, बंद ठेवलं तर विचारतील का बंद ठेवलं. दोघांपैकी एकालाही आपण काही चुकीचं केलं असं वाटत नव्हतं. मला मात्र तोवर वाटत होतं की मी फार चांगला मालक आहे. त्या मुलाच्या बहिणीच्या लग्नाला मी पैसे दिले होते. मिस्त्रींच्या मुलाची कॉलेजची फी दोन वर्षं माझ्याकडून जात होती. दिवाळीला प्रत्येकाच्या घरी मिठाई. माझ्यासाठी ही माणसं रात्रपाळीला हसत थांबायची. आणि त्यांतल्या एकाचीही मशीनचं लाल बटण दाबायची प्राज्ञा नव्हती.

आता फळ्याकडे येतो.

नेतृत्वाच्या आधुनिक विचाराचा जन्म, गंमत म्हणजे, एका व्याख्यानमालेतच झाला असं म्हणायला हरकत नाही. 1840 च्या मे महिन्यात थॉमस कार्लाइलनं लंडनमध्ये थोर पुरुषांवर सहा व्याख्यानं दिली. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. जगाचा इतिहास म्हणजे थोर माणसांचा इतिहास, असा त्याचा रोख. त्याला हर्बर्ट स्पेन्सरनं उत्तर दिलं की थोर माणसाला आधी समाज घडवतो, मग तो समाजाला घडवायला निघतो. वाद तिथंच मिटायला हवा होता. पण आपल्याकडे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर कार्लाइल अजून रोज विकला जातो, फक्त मुखपृष्ठावरचा उद्योगपती बदलतो.

विसाव्या शतकात लोकांनी थोरपणाची मोजदाद सुरू केली. उंची, बुद्धी, आत्मविश्वास, बोलण्याची हातोटी. 1948 साली राल्फ स्टॉगडिल या अमेरिकन अभ्यासकानं 1904 पासूनच्या अशा 124 अभ्यासांची छाननी केली. ठरावीक गुणांचा संच अंगी असला म्हणून कुणी नेता होत नाही, तो कुठल्या माणसांत आणि कुठल्या प्रसंगात उभा आहे यावर सगळं अवलंबून, असा त्याचा निष्कर्ष होता. मुलाखतीत ‘लीडरशिप क्वालिटी’ शोधणाऱ्या आपल्या एचआरवाल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

मला या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत जवळचा वाटतो तो 1939 साली छापून आलेला एक प्रयोग. कुर्ट लेविन हा जर्मनीतून हिटलरच्या राजवटीमुळे बाहेर पडलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. अमेरिकेत आयोवा इथं त्यानं, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासोबत, दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळं केली. मुखवटे बनवणं वगैरे हस्तकलेची कामं. प्रत्येक मंडळावर एक मोठा माणूस. तो कधी हुकूमशहासारखा वागायचा, कधी मुलांना विचारून ठरवायचा, कधी नुसताच बसून राहायचा. पुस्तकांत या तीन शैलींची तीन चौकटींची आकृती येते आणि विद्यार्थी ती पाठ करतात. खरी गोष्ट आकृतीत नाही. प्रयोगात तो मोठा माणूस मधेच मुद्दाम खोलीबाहेर जायचा. हुकमाखालच्या मुलांचं काम तो बाहेर पडताच ढेपाळायचं. विचारून ठरवणाऱ्या मंडळात तो गेला काय, राहिला काय, काम जवळजवळ तसंच चालू राहायचं.

हे मी संध्याकाळी शिकवत होतो. आणि माझ्या स्वतःच्या शॉपमध्ये मी अकरा दिवस खोलीबाहेर गेलो तेव्हा काय झालं ते तुम्ही ऐकलंत. पण एक फरक लक्षात घ्या. माझी माणसं ढेपाळली नव्हती. एक तासही वाया न घालवता त्यांनी इमानेइतबारे 400 बुश बिघडवले. लेविनच्या तीन चौकटींपैकी मी कुठल्या चौकटीत बसत होतो? हुकूमशहा मी नव्हतो. लोकशाहीवादीही नव्हतो. मी प्रेमळ होतो.

या चौकटीचं वर्णन मला अमेरिकेत सापडलं नाही, पाटण्यात सापडलं. जय बी. पी. सिन्हा या मानसशास्त्रज्ञांचं 1980 सालचं एक पुस्तक आहे. भारतीय कचेऱ्या-कारखाने बघून त्यांनी म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला वरिष्ठात वडीलधारं कुणीतरी हवं असतं. साहेबानं पहिल्याच दिवशी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं तर लोक म्हणतात, याला स्वतःला काही येत नाही वाटतं. म्हणून सिन्हांचा नेता दोन गोष्टी एकत्र करतो. जीव लावतो, आणि कामाचा आग्रह सोडत नाही. माया कामाशी बांधलेली असते. नीट काम करणाऱ्याच्या पाठीवर हात, टाळाटाळ करणाऱ्याशी थंडपणा.

इथपर्यंत वाचून मला आपला फोटो बघितल्यासारखं झालं होतं. पण सिन्हांचं म्हणणं इथं संपत नाही, आणि आपण मालक लोक नेमके इथंच पुस्तक मिटतो. ते पुढं म्हणतात की ही अवस्था कायमची नव्हे. माणूस कामात तरबेज होत गेला की नेत्यानं हात सैल करत जायचं, निर्णय त्याच्याकडे सरकवायचे. सरकवले नाहीत तर मायेचं रूपांतर मिंधेपणात होतं. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी 1969 साली साधारण याच अंगानं मांडणी केली होती आणि उदाहरणही आईबापांचंच दिलं होतं, मूल वाढतं तसं आईबापांनी बदलायचं. त्यांच्या आधी दोनच वर्षं फ्रेड फीडलर नेमकं उलट सांगत होता. माणसाचा मूळ स्वभाव बदलत नाही, तेव्हा माणूस बदलत बसू नका, त्याच्याभोवतीची परिस्थिती बदला. दोघंही आमच्या पुस्तकात एकाच प्रकरणात, लागोपाठच्या पानांवर. विद्यार्थी विचारायचे, सर, खरं कोण? परीक्षेपुरते दोघंही खरे, असं मी सांगायचो. आज मी फीडलरच्या बाजूला थोडा झुकतो. माझा स्वभाव मला बदलता आला नाही. बटण मात्र हलवता आलं. ते पुढं सांगतो.

डग्लस मॅकग्रेगरचा ‘एक्स’ आणि ‘वाय’, बर्न्सची 1978 सालची देवाणघेवाण करणारं आणि माणूस पालटवणारं नेतृत्व ही मांडणी, बासनं 1985 साली तिचं केलेलं व्यावसायिक रूप, यांवर स्वतंत्र व्याख्यानं होतील. मी ती देणार नाही. एवढंच म्हणतो की बर्न्स हा रूझवेल्टचा चरित्रकार होता, त्याच्या डोळ्यांपुढे राष्ट्र होतं. ते माप बारा माणसांच्या शॉपला लावलं की मालक ‘व्हिजन’ लिहायला बसतो आणि रीमर तसाच कापत राहतो.

एका अभ्यासाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण या सभागृहात अनेकांनी आपले सुपरवायझर ट्रेनिंगला पाठवले असतील. 1950 च्या सुमारास अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या फोरमन लोकांना शिकागोला माणसांशी कसं वागावं याच्या वर्गाला पाठवलं. वर्ग संपला तेव्हा सगळे बदलले होते. एडविन फ्लाइशमननं पुढं जाऊन बघितलं की कारखान्यात परतल्यावर काय होतं. फोरमन शेवटी वागत होते ते वर्गात शिकवलं तसं नव्हे, त्यांचा स्वतःचा साहेब त्यांच्याशी वागत होता तसं. लोणावळ्याला रिसॉर्टमध्ये दोन दिवस दोरीवरून चालवून आणलेला सुपरवायझर सोमवारी पुन्हा पहिल्यासारखा का होतो, याचं उत्तर तिथं सत्तर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. माझे मिस्त्री ‘साहेब आल्यावर बघू’ म्हणाले, ते माझ्याकडूनच शिकले होते.

म्हणून मला वाटतं, व्यवसायात नेतृत्वाचा कुठलाही सिद्धांत तपासायचा असेल तर एक साधा प्रश्न पुरतो. काम चुकतंय हे ज्याला पहिल्यांदा दिसतं, त्याला ते थांबवता येतं का?

जपानी माणसानं हा प्रश्न आधी यंत्राला विचारला. साकिची टोयोडाचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे एक विणकर अनेक माग सांभाळू शकायचा, आणि बिघडलेलं कापड हातभर पुढं जायचं नाही. त्याच्या मुलानं मोटारी काढल्या तेव्हा हाच विचार माणसांच्या रांगेत आला. टोयोटाच्या जुळणीच्या पट्ट्यावर डोक्यावर एक दोरी असते. चूक दिसली की कामगार ती ओढतो. पट्टा लगेच थांबत नाही. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या खुणेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तरच पट्टा थांबतो. ही खूण मला फार शहाणपणाची वाटते. कामगाराला अधिकार दिला, आणि गटप्रमुखाला बेकारही केलं नाही.

यावर कुणी म्हणेल की जपानी माणूसच वेगळा. तर कॅलिफोर्नियात फ्रीमॉंट इथं जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, संप, खराब माल, सगळ्यासाठी बदनाम. 1982 साली तो बंद पडला. 1984 साली जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून तीच इमारत पुन्हा सुरू केली, आणि कामगार बहुतांश तेच, युनियनही तीच. आधी तिथं पट्टा काही झालं तरी थांबवायचा नाही असा दंडक होता. आता डोक्यावर दोरी आली. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्याच्या बरोबरीला आला. स्टॉगडिल असता तर हसला असता. माणसं तीच होती, गुण तेच होते.

आणि मुंबईचे डबेवाले? त्यांच्या ‘सिक्स सिग्मा’बद्दल इतकं बोललं गेलंय की मला भीती वाटते. पण कधी दुपारी चर्चगेटबाहेर उभे राहून मुकादमाकडे बघा. तो हात मागे बांधून उभा नसतो. त्याच्याही डोक्यावर क्रेट असतो. गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात, कुणी आजारी पडला तर त्याची लाइन मुकादम नाहीतर हे उचलतात. लोकल स्टेशनात अर्धा मिनिट थांबणार. तेवढ्यात डबा चढवायचा की पुढच्या गाडीला ठेवायचा हे विचारायला कुणाकडे जाणार? माणसं भागीदार आहेत, कमाई साधारण सारखी वाटली जाते. विचारायला वरचा कुणी नाही म्हणून ते ठरवतात, की ठरवतात म्हणून वरच्याची गरज पडत नाही, हे कोडं मी तुमच्यावर सोडतो.

आपल्याच मुलखातलं आणखी एक उदाहरण मला राहून राहून आठवतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, आणि त्यासाठी जमीन आणि कर्ज दिलं ते औंधच्या राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं गेली म्हणतात. लक्ष्मणरावांचं माणूस पारखण्याचं कौतुक सगळे करतात, शिक्षण अर्धवट सोडलेल्यांकडून त्यांनी कशी मोठी कामं करून घेतली याचं. मला त्यांच्या वाडीतल्या आठवणींतली एक गोष्ट जास्त भिडते. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीवर नेमलं. म्हणजे किल्ली दिली. पगार कुणीही देतो.

आणि तो राजा बघा. चित्रकार, सूर्यनमस्कारांचा भोक्ता. 1939 साली गांधींच्या सल्ल्यानं त्यानं आपल्या संस्थानाची घटना केली आणि कारभार गावोगावच्या निवडून आलेल्या पंचायतींकडे सोपवला. संस्थान चिमुकलं होतं, दहा वर्षांत ते विलीनही झालं. पण प्रजेवर जीव लावणारे राजे आपल्याकडे पुष्कळ झाले. जीव लावून वर अधिकारही सोडणारा मला दुसरा चटकन सांगता येत नाही. सिन्हांच्या पुस्तकाचं दुसरं प्रकरण त्यानं चाळीस वर्षं आधी करून ठेवलं होतं.

आता माझ्या बटणाचं सांगतो. 400 बुशांचं भंगार गेल्यावर मी प्रत्येक मशीनशेजारी लाल रंगाचा एक ट्रे ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, नो-गो आत गेली की मशीन बंद, जॉब लाल ट्रेमध्ये, मला किंवा मिस्त्रींना विचारायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन महिने एकानंही मशीन थांबवलं नाही. लाल ट्रेमध्ये लोक डबे ठेवू लागले.

चौथ्या महिन्यात एका नव्या पोरानं थांबवलं. आणि चुकून थांबवलं. बोअर बरोबर होता, गेज मळका होता, धातूची बर अडकलेली. अर्धी पाळी मशीन उभं. त्या दिवशी संध्याकाळी माल न्यायला कंपनीचा टेंपो आलेला. मी तिथं पोचलो तेव्हा सगळं शॉप काम करत होतं आणि एकही माणूस कामाकडे बघत नव्हता, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मी गेज घेतला, पुसला, घालून बघितला, आणि म्हटलं, गेज ठेवायला लाकडी खोकं करून घ्या रे, आणि याला चहा सांगा. टेंपो रिकामा गेला. कंपनीचा फोन आला, तो मी घेतला.

त्यानंतर दोन आठवड्यांत तीन वेळा मशीन थांबलं, तिन्ही वेळा बरोबर.

पण मिस्त्री रुसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, पोरंच ठरवणार तर मग मी कशाला?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लाल ट्रेचा विचार करताना मी मिस्त्रींचा विचारच केला नव्हता. टोयोटाच्या पट्ट्यावरच्या त्या खुणेबद्दल मी पुढं केव्हातरी वाचलं. तोवर सव्वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस वर्षभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला आणि मग दुसरीकडे गेला. त्याला बोलावून, समजावून, काहीतरी नवं सोपवायला हवं होतं. सिद्धांत मला येत होता. माणूस निसटला.

तो पहिला ऑपरेटर, पहिल्या संध्याकाळी ज्याला कळलं होतं, त्यानं पुढं स्वतःचं शॉप काढलं. दोन सीएनसी, आता एक व्हीएमसी पण घेतलंय. गेल्या श्रावणात त्यानं मला पूजेला बोलावलं. केबिन काचेची, एसी, टेबलावर गणपती. आम्ही चहा घेत होतो. दार ढकलून एक पोरगा आत डोकावला, हातात प्लग गेज.

“साहेब, नो-गो जातीय. थांबवू का?”

हा कपबशी खाली ठेवत उठला. “थांब,” म्हणाला, “मी आलो.”